तू येशील तेव्हा पाऊस लागलेला असेल

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला कारण पहिल्यांदा आईने मिक्सर लावला होता. दिल्लीचा कागद-पुस्तकं दुरुस्तीचा कोर्स संपवून आलीस की आपल्या बाइंडिंगच्या दुकानात एसी बसवूया का, आणि थीसिस, चोपड्या, ऑफिसांची रजिस्टरं हे सगळं बंद करून फक्त जुने दस्तऐवज नि पुस्तकं दुरुस्त करायचंच काम घेऊया का, असं विचारलंस. मी 'बघू' म्हटलं. तुला वाटलं असेल पपाने विषय टाळला. टाळला नाही गो, पण एवढं सगळं फोनवर बोलता येत नाही म्हणून टाइप करतोय, एका बोटाने, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नको.

आधी तू खळीबद्दल जे सांगितलंस ते. तिथे खळ लावली की दुपारपर्यंत खडखडीत वाळते म्हणून तू खूश आहेस. वाळणारच, मे महिन्यातली दिल्ली आहे ती, लू चालते तिथे. इथे दोन वळीव पडून गेलेत आणि टेबलावर ठेवलेला पुठ्ठा आत्ताच कडेने उचलायला लागलाय. तुमच्या सरांनी सांगितलेला ५० ते ५५ टक्के दमटपणाचा आकडा पुस्तकांसाठी बरोबरच आहे, मी कुठे नाही म्हणतोय, पण जुलैत आपल्या पणजीच्या मळा भागात तो काटा ८५-९० च्या खाली सहसा येत नाही आणि बुरशीला ६५ च्या वर गेलं की पुरतं. म्हणजे तू तिथे जे शिकतेस त्यातलं प्रत्येक काम इथे वेगळ्या वेगाने होणार. कुठलं होणार नाही आणि कुठलं ऑक्टोबरपर्यंत थांबवायचं हे तुला तिथे कोणी सांगणार नाही, त्यांना त्याची गरजच पडत नाही.

मी मेस्तांकडे, म्हणजे माझ्या बाइंडिंगच्या उस्तादांकडे लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. ते पोर्तुगीज काळात इथल्या सरकारी छापखान्यात, इंप्रेन्सा नासिओनालमध्ये शिकलेले, १८२१ सालचा छापखाना तो, गॅझेट तिथेच निघायचं. मेस्तांचा नियम असा की पहिला पाऊस पडला की कातड्याला हात लावायचा नाही आणि पुठ्ठ्यावर अस्तर चिकटवायचं नाही, दसऱ्यापर्यंत. मग चार महिने आम्ही करायचो काय, तर शिवण. जुने जुज, म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सोडवायचे, प्रत्येक पान बघायचं, फाटकं असेल तिथे बारीक डागडुजी करायची, जुज परत लावायचे, आरीने भोकं पाडायची आणि मेण ओढलेल्या दोऱ्याने जुजबंदी करायची. दोऱ्याला पाऊस कळत नाही. दसऱ्यानंतर मग ती शिवून ठेवलेली सगळी पुस्तकं एकापाठोपाठ एक चढवायची, पाठ गोल करायची, पुठ्ठे बसवायचे, कातडं रापीने तासून वर ओढायचं, आणि डिसेंबरपर्यंत गिऱ्हाईकाच्या हातात. लोकांना वाटायचं मेस्त आळशी, एक वही द्यायला सहा महिने लावतात. पण जे बाइंडर पावसात घाईने चिकटवून द्यायचे त्यांच्या वह्या नाताळापर्यंत आमच्याकडे यायच्या, पुठ्ठा वाकडा, आतल्या बाजूला काळे ठिपके, आणि उघडल्यावर तो वास, तुला माहीत आहे तो वास.

आईचं पुरुमेंत, पावसाळ्याची साठवण, चालू आहे सध्या, खारं, सोलं, मिरच्या, तसंच माझंही चालू आहे. मिलबोर्ड, तो जाड पुठ्ठा, आणून आतल्या खोलीत उभा न ठेवता आडवा टाकलाय वर वजन ठेवून, दोरा, फीत, बक्रमचं जाड कापड, मेण सगळं भरून ठेवलंय. खालची फळी रिकामी केली, मळ्यात पाणी भरतं तेव्हा पहिली तीच जाते. स्टार्च तेवढा थोडाच आणलाय. तुला शिकवलं असेलच की मैद्याची नाही तर ग्लूटेन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चची खळ वापरायची, एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, अर्धा-पाऊण तास हलवत शिजवायची, थंड करून चाळणीतून दोनदा काढायची. बरोबर आहे सगळं. पण तिथे फ्रिजमध्ये आठवडाभर टिकवतात तशी इथे पावसात टिकवू नको, लागेल तेवढीच कर, वाटीभर. आणि पातळ करताना हात आखडता घे, पाणी जितकं जास्त तितकं ते कागदातून बाहेर पडायला वेळ लागणार आणि तेवढ्यात बुरशी आपलं काम करून जाते. मेस्तांच्या वेळी खळीत मोरचूद घालायचे, झुरळं नि कसर लागू नये म्हणून, सगळे बाइंडर घालायचे, चिंचोक्याच्या खळीतसुद्धा. त्यातलं तांबं कागदाला हळूहळू मारतं हे नंतर कळलं सगळ्यांना, त्यामुळे जुन्या गोव्याच्या वह्यांत आतल्या कडेला हिरवट डाग दिसला तर घाबरू नको, पण तिथला कागद कमजोर धरून चाल.

आता एसी. एसीचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी नऊला लावायचा, सहाला बंद करून घरी. दिवसभर खोली थंड, भिंती थंड, पुस्तकांचे पुठ्ठेही थंड, आणि रात्री बंद केला की बाहेरची ओली गरम हवा आत शिरते आणि त्या थंड पुठ्ठ्यांवर दव पडतं. रोज. असं चार महिने. याच्यापेक्षा उघड्या खिडकीचं दुकान बरं. लावायचा तर चोवीस तास लावायला पाहिजे, आणि आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको. एका ऑफिसात (नाव लिहीत नाही, पणजीतच आहे) जुन्या रजिस्टरांच्या खोलीत डीह्युमिडिफायर घेतला होता चांगला महागातला. मला कामासाठी बोलावलं तेव्हा बघतो तर मशीन बंद. म्हटलं बिघडलंय का, तर नाही, बादली भरली की ते आपोआप बंद होतं आणि बादली ओतायची कुणाची ड्युटी ते ठरलेलं नव्हतं. शिपाई म्हणतो माझी नाही, क्लार्क म्हणतो माझी तर मुळीच नाही. कपाटाच्या मागे भिंतीला हात लावला तर हात ओला.

म्हणून माझं म्हणणं असं. पूर्ण दुकानाला काही नको. मागची छोटी खोली, जिथे तू लहानपणी कागदाच्या कपच्यांत झोपायचीस, ती बंदिस्त करूया, दाराला खाली रबर लावूया, आणि तिथे एक डीह्युमिडिफायर, पण पाइपवाला, पाणी सरळ बाहेर मोरीत जाईल असा. बादलीच नको. चालू असलेली कामं फक्त त्या खोलीत. बाकी दुकानात पंखे, कपाटं भिंतीपासून चार-पाच इंच पुढे, आणि प्लास्टिकमध्ये काहीही गुंडाळायचं नाही. लोक प्रेमाने पोथ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि आत घाम येतो. त्यापेक्षा जुन्या लोकांचं लाल कापडाचं बासन, आत वेखंडाचा तुकडा, हे कितीतरी बरं, हवा खेळते तरी. जुन्या पोथ्यांच्या शेवटी तो श्लोक असतो बघ, तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्, मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम्. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचव नि मूर्खाच्या हातात देऊ नको, असं पुस्तकच म्हणतं. नकलून काढणाऱ्या माणसाला बाइंडिंग किती महत्त्वाचं वाटत होतं बघ, मूर्खाच्या आधी नंबर आहे त्याचा. आपल्याकडच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना अजून वाटत नाही.

दुसरी गोष्ट शाईची. ती तुला कोर्समध्ये शिकवतील पण आपल्या दुकानात ती रोज समोर येते म्हणून लिहितो. इथे एकाच दिवशी तुझ्या टेबलावर दोन प्रकारची शाई येणार. देवळाच्या महाजनांची मोडीतली जुनी वही किंवा पोथी असेल तर काजळाची शाई, काजळ आणि डिंक. ती कागदाला काही करत नाही, तीनशे वर्षांनीसुद्धा काळीभोर राहते, पण पाणी लागलं की काही ठिकाणी उठते, आणि मधले लाल दंड तर आधी पसरतात. आणि चर्चचं किंवा गावच्या सामाईक जमिनी बघणाऱ्या कोमुनिदादीचं पोर्तुगीज रजिस्टर असेल तर लोखंडी शाई, माजूफळ आणि हिराकस. ती पाण्याने तशी पटकन उठत नाही म्हणून नवशिका फसतो, पण ती आम्लारी असते, कागद खाते, आणि ओलावा मिळाला की त्यातलं लोखंड आजूबाजूला पसरून जिथे अक्षर नव्हतं तिथला कागदही खायला लागते.

मागच्या वर्षी एक बाप्तिस्म्याचं रजिस्टर आलं होतं, तू तेव्हा परीक्षेत होतीस. लिहिणारा पाद्री जोर देऊन लिहिणारा असणार, प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर मोठं, वळणदार, शाई भरभरून. आता तेवढीच अक्षरं गायब. नाव आहे, पहिलं अक्षर नाही, त्या अक्षराच्या आकाराचं भोक आहे आणि भोकातून मागच्या पानावरचं दुसऱ्याच पोराचं नाव दिसतंय. पान उचललं की 'जुआंव'मधला ज खाली पडायचा, खरंच, तांबूस चुऱ्यासारखा. असल्या पानाला ओली खळ लावून मागे कागद डकवला तर शाई सगळीकडे पसरली असती. ते जिलेटिनने करतात, आधीच जपानी टिश्यूला, म्हणजे त्या पातळ पण चिवट कागदाला, लावून वाळवलेलं, किंचित ओल देऊन बसवायचं, पाणी जेमतेम. मी त्याला नुसतं पानापानांत टिश्यू घालून, नीट खोक्यात ठेवून दिलं आणि पाद्रीबाबांना सांगितलं, याला ऑक्टोबरच्या आधी हात नाही लावणार, आणि लावीन तेव्हा माझी मुलगी शिकून आलेली असेल. तेव्हा ते तुझं काम आहे. चुन्याच्या निवळीबद्दलही नीट विचारून घे, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आम्ल मारायला वापरतात ते. साध्या छापील कागदाला ठीक आहे, या शाईला कुठे चालतं कुठे नाही हे लिहून आण.

तुझ्या पोस्टमधला तो फोटो, सगळ्या कागदांच्या कडा एका रेषेत सरळ कापलेल्या. छान दिसतं. पण एक सांगतो, आमच्या धंद्याने पुस्तकांचं जितकं वाटोळं केलं त्यातलं निम्मं वाळवीने नाही तर कटिंग मशीनने केलंय. प्रत्येक नव्या बाइंडिंगला बाइंडर कडा 'साफ' करतो, तीन बाजूंनी थोडं थोडं, पुढच्या वेळी परत थोडं, तिसऱ्या वेळी समासातलं लिहिलेलं जायला लागतं. एका नाटक मंडळाच्या हस्तलिखित नकला आल्या होत्या, फोंड्याकडच्या, जत्रेला नाटकं करणारं जुनं मंडळ. समासात प्रॉम्प्टरने पेन्सिलीने लिहिलेलं, इथे पेटी, इथे टाळ्या पडेपर्यंत थांब, एका ठिकाणी अख्खा प्रवेश काटला आहे आणि बाजूला लिहिलंय 'पाऊस आला'. सेक्रेटरी म्हणाला, मेस्त, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकदा मशीन मारा आणि छान रेक्झिनमध्ये सोन्याची अक्षरं टाका. मी म्हटलं अक्षरं टाकतो, मशीन मारणार नाही. थोडा रागावला. मी आजपण मारली नसती. ते नाटक कुठेही छापलेलं मिळेल, 'पाऊस आला' फक्त त्या एका कागदावर आहे.

म्हणून तू 'फक्त रेस्टोरेशन' म्हणतेस तेव्हा मला जरा भीती वाटते. रेस्टोरेशन म्हटलं की माणसाला पुस्तक नवं करून द्यावंसं वाटतं, फोटो काढण्यासारखं. मला उलटं वाटतं, दुरुस्त करणाऱ्याने कमीत कमी करावं आणि जे केलं ते पुढच्याला सोडवता यावं. फ्लॉरेन्सच्या पुराबद्दल तुमचे सर बोलले असतील, १९६६ चा नोव्हेंबर, आर्नो नदी शहरात शिरली, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात चिखलाच्या पाण्यात पुस्तकंच पुस्तकं. जगभरातून बाइंडर गेले मदतीला, आणि तिथे त्यांना एक दिसलं की भारी भारी कातड्याची, पाठीवर सरस थापलेली बाइंडिंगं फुगून तुटली, पण जुनी साधी, मऊ चर्मपत्राची कव्हरं, ज्यांत पाठीला सरस जवळजवळ नव्हताच, नुसती शिवण आणि कव्हर दोरीने अडकवलेलं, ती बरीच तगली. क्रिस्तोफर क्लार्कसन म्हणून एक इंग्लिश बाइंडर होते तिथे, त्यांनी नंतर त्याच पद्धतीवर काम केलं. मला हे एका पाद्रीबाबांनी सांगितलं आणि मी घरी येऊन जेवलो नाही धड, कारण आपल्याकडची पोर्तुगीज काळातली कितीतरी रजिस्टरं अगदी तशीच होती आणि मधल्या काळात लोकांनी ती 'मजबूत' करायला कव्हरं फाडून टाकून जाड पुठ्ठे नि सरस लावून घेतला. गरिबाचं बाइंडिंग म्हणून टाकलं. आणि पुराच्या, पावसाच्या गावात तेच बरोबर होतं.

लॅमिनेशनचं तसंच. तू जिथे शिकतेस त्याच नॅशनल आर्काइव्हजने पानावर ॲसिटेटची फिल्म ठेवून, ॲसिटोन लावून हाताने लॅमिनेट करायची पद्धत काढली होती, मशीन नको, उष्णता नको, स्वस्त, त्या काळात ती वाईट नव्हती, तुटक्या पानांना तिने धरून ठेवलं. पण ती ॲसिटेटची फिल्म म्हातारी झाली की व्हिनेगरसारखा वास सोडते, आणि तेच आम्ल कागदात. सेलोटेपबद्दल तर मी बोलतच नाही, तुला माहीत आहे मी सेलोटेप दुकानात ठेवत नाही, गिऱ्हाइकाने मागितला तरी देत नाही. जपानी टिश्यू आणि स्टार्च यासाठीच, थोडं पाणी दिलं की सुटतं. आणि टिश्यू कात्रीने कापू नको. ब्रशने पाण्याची रेघ ओढायची, दोन्ही हातांनी हळू फाडायचं, कडेला ते कोझोच्या सालीचे लांब तंतू सुटतात ना केसासारखे, तेच फाटक्या जागेवर पसरतात आणि जोड दिसत नाही, हाताला लागत नाही. तुझा हात त्याला माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी आईला पण सांगितलंय.

कागदाचं मात्र एक गंमतशीर आहे. तू आलीस की लोक तुला विचारतील, सगळ्यात जुनं काय आलं तुमच्याकडे, आणि त्यांना वाटेल जुनं तेच जास्त कठीण. तसं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातला कागद चिंध्यांचा, त्यात दम आहे, धुतला तरी उभा राहतो. रडवतो तो १८५० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा, तुरटी नि राळ घातलेला, स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून बिस्किटासारखा मोडतो. साठीच्या दशकातलं वर्तमानपत्र माझ्या बोटांत मोडलंय आणि त्याच दिवशी त्याच्यापेक्षा तीनशे वर्षं जुनं पान मी घडी उलगडून सरळ केलंय. तेव्हा सेंट्रल लायब्ररीच्या जुन्या वर्तमानपत्रांना कोणी हलकं काम समजत असेल तर समजू दे, तू समजू नको. ती लायब्ररी १८३२ ची, आणि इथलं पुराभिलेख त्याच्याही कितीतरी आधीचं, १५९५ साली दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराच्या ताब्यात दिलेलं. तिथले ते मोंसोंयश दु रैनूचे खंड तू बघितलेस, लिस्बनहून मान्सूनच्या वाऱ्यावर जहाजं यायची, त्यांतून आलेली राजाची पत्रं वर्षावर्षाने बांधून ठेवलेली. ज्या पावसाने ती पत्रं आणली तोच पाऊस चारशे वर्षं त्यांना खातोय, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या इतिहास संशोधकांनी जन्म घालवला त्या कागदांत म्हणून आज त्यांत काय आहे ते आपल्याला ठाऊक तरी आहे.

आणि एक, हे कोणालाच सांगितलं नाही मी, मेस्तांना सोडून. जुनं कव्हर टाकायचं नाही. कधीच नाही. तुला माहीत आहे छापखाना आपल्याकडे १५५६ साली उतरला, जायचा होता अबिसिनियाला, आजच्या इथिओपियाला. मग साठ वर्षांनी, १६१६ ला, फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं, मराठीत, रोमन लिपीत, मग १६४९ ला परत आणि १६५४ ला परत. तीन आवृत्त्या, बाय. आणि त्या तिन्हींतली एक छापील प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. आज आपण वाचतो ते हाताने उतरून काढलेल्या नकलांवरून. आता बाइंडरचा स्वभाव तू ओळखतेस, आम्ही कागद फुकट घालवत नाही. वाया गेलेले छापील ताव, फाटकी जुनी पुस्तकं, त्यांच्या पट्ट्या कापून पाठीला अस्तर म्हणून लावायचे, पुठ्ठा नसेल तर रद्दी कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठा करायचे. युरोपात जुन्या कव्हरांच्या पोटातून अशी हरवलेली पानं निघाली आहेत कितीदा. तेव्हा इथलं सतराव्या-अठराव्या शतकातलं कुठलंही रजिस्टर आलं की मी पाठीवरचा सरस खरवडत नाही, वरून खळीचा थर देतो, सरस मऊ होऊ देतो, मग हाडाच्या पट्टीने पट्टी अलगद वर काढतो आणि उजेडात धरतो. आतापर्यंत मला फक्त गॅझेटचे तुकडे मिळाले आणि एकदा कुणाचं तरी न दिलेलं कपड्यांचं बिल. पण पट्टी सुटत असते तेव्हा मी श्वास धरतो, अजून. क्रिस्तपुराण जिथे छापलं त्या राशोलच्या बाजूची कामं आली तर तूही धर.

आता पैशांचं. थीसिस बंद करायचं नाही. ताळगाव पठारावरच्या विद्यापीठातून ती पोरं रात्री आठला धापा टाकत येतात, उद्या सबमिशन आहे अंकल, पाच कॉप्या, काळं रेक्झिन, सोन्याची अक्षरं. रोख पैसे देतात. तुला वाटतं हे काम हलकं. मग विचार कर, त्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला तू चार महिने घेणार, आणि चर्च पैसे देणार ते वर्षभराने, हप्त्याने, तेही मनापासून देणार म्हणून बरं. सरकारी काम घेतलंस तर कोटेशन, टेंडर, मग बिल कुठल्या तरी टेबलावर. हे चार महिने दुकानाचं भाडं कोण देणार? थीसिस देणार, दिवाळीच्या चोपड्या देणार. मी तीस-चाळीस वर्षं असंच केलं, सकाळी गिऱ्हाइकाचं, दुपारी कागदाचं. तुला पसंत नसेल तर त्या कामाला पोरगा ठेव एक, त्याला शिकव, पण त्याच्या जुजबंदीवर लक्ष ठेव, कारण थीसिसवाल्यांना फरक कळत नाही म्हणून तो गरम गोंद मारून मोकळा होईल.

माझ्या अटी एवढ्याच, आणि अटी म्हटलं तरी तू भांडणारच. डीह्युमिडिफायर पाइपवाला, मागच्या खोलीत. एसी नाही. कटिंग मशीन दुकानाच्या पुढच्या बाजूला, जुन्या कामाच्या खोलीत ते येणार नाही. पावसात चर्मपत्र नि कातड्याला हात नाही. बाकी दुकान तुझं, बोर्डावर नाव पण तुझं घाल, मी मेस्तांसारखा कोपऱ्यात बसून शिवत जाईन.

येताना दोन जाडीचा जपानी टिश्यू आण, एक अगदी पातळ, पाच-सहा ग्रॅमवाला आणि एक त्याच्या दुप्पट. गोव्यात मागवला तर पार्सल जुलैत येतं आणि ओलं होऊन येतं. हातात घेऊन ये, बॅगेत नळीत घालून, आणि गाडीत खिडकीजवळ ठेवू नको. चांगला चिमटा मिळाला तर एक मला पण. आई म्हणते दिल्लीहून काय आणायचं ते तिने वेगळं पाठवलंय, ते बघ आधी नाहीतर मलाच ऐकावं लागेल.

पपा